एसीचं पाणी म्हणे!

मला वेड्यात काढलं, म्हणून लिहिते आहे. गाडीखाली हिरवं पाणी गळतंय म्हटल्यावर पनवेलचा आमचा गॅरेजवाला हसला होता. "मॅडम, एसीचं पाणी आहे. तुम्हाला नाही कळायचं."

काल कळंबोलीजवळ इंजिन तापून गाडी बंद पडली. मागच्या सीटवर डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई होत्या.

आज गाडी टो करून गॅरेजवर आणली आणि ते गळलेलं पाणी बाटलीत भरून आत गेले. गिऱ्हाईकं बसलेली होती.

"एसीचं पाणी ना? ओतू तुमच्या माठात?"

त्याने धावत येऊन माठ झाकला. "नको ताई! कूलंट आहे, विषारी असतं!"

"मोठ्याने सांगा सगळ्यांना."

रेडिएटरचा पाइप चिरला होता; इंजिन थंड ठेवणारं कूलंट त्यातूनच गळत होतं. समोर उभं राहून बदलून घेतला.

जुना पाइप मी ताब्यात घेतला. बाटली त्याच्या हातात दिली, वर चिठ्ठी चिकटवून: 'कूलंट. मॅडमना कळतं.'