दत्ता पोवारची जागा

बटालियन तेव्हा पंजाबातल्या एका छावणीत होती. सकाळी साडेपाचला पीटी, साडेसहाला फुटबॉल, आठला नाश्ता. मी साकोली तालुक्यातल्या सानगडीचा. गावात कबड्डी होती, व्हॉलीबॉल होता; फुटबॉलला मी भरती झाल्यावरच पहिल्यांदा पाय लावला. उंची सहा फूट आणि डोकं टणक, एवढ्या भांडवलावर सुभेदारसाहेबांनी मला स्टॉपर केलं. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहणारा बचावपटू. गोल दुसरे करतात आणि शिव्या त्याला बसतात.

दुसरा स्टॉपर नाईक दत्ता पोवार. कोल्हापूरचा, फुटबॉल खेळणाऱ्या गल्लीतला. कुठं उभं राहायचं, कधी पुढं जायचं, कधी गप्प मागं सरायचं, सगळं त्यानंच मला शिकवलं. माझी मराठी मात्र त्याला पचत नव्हती. मेसमध्ये मी 'जेवून राहिलो' म्हणालो की विचारायचा, "जेवून कुठं राहिलास, मर्दा?" आमच्या भंडाऱ्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे आत्ता जेवतो आहे. हे त्याला महिनाभर समजावलं. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तेच विचारायचा.

ब्रिगेडची फायनल. शून्य-शून्य. शेवटची पाच मिनिटं. आमच्या दोघांच्या मधोमध उंच बॉल आला. मी ओरडलो, "जाऊन राहिलो!" म्हणजे मी जातो आहे, तू थांब. दत्तानं फक्त 'राहिलो' ऐकलं. हा राहिला, तर आपण जावं, असं ठरवून त्यानं उडी मारली. मीही मारली. डोक्यावर डोकं आपटलं. बॉल कुणालाही न लागता टप्पा खाऊन आमच्याच गोलमध्ये गेला. आम्ही दोघं चिखलात बसून एकमेकांना शिव्या देत होतो, तेव्हा समोरची टीम नाचत होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सीओसाहेबांपुढे, म्हणजे बटालियनच्या प्रमुखांपुढे, पेशी झाली. दोघांच्याही कपाळाला पट्टी. साहेब तमिळ. दोघंही मराठीच बोलतात, मग अडचण काय, असं त्यांनी विचारलं. सुभेदारसाहेब स्वतः साताऱ्याचे. हीच अडचण आहे साहेब, असं ते म्हणाले. हुकूम निघाला, "आज से मैदान में मराठी बंद. बॉल आया तो सिर्फ 'मेरा'." पुढची चार वर्षं आम्ही हिंदीत बचाव केला आणि दोनदा ब्रिगेड जिंकलो.

मग बटालियन बर्फात गेली. तिथं मैदान नव्हतं. दत्ताचं नाव कोचिंग कोर्सला गेलं होतं. हिवाळा उतरला की तो जाणार होता. पेन्शनीत गेल्यावर पोरांची टीम काढायची, हे त्याचं पक्कं होतं. मला तो मदतनीस म्हणून घेणार होता, पण शुद्ध मराठी शिकण्याच्या अटीवर.

त्या दिवशी सहा जणांची गस्त घेऊन तो निघाला. मी पोस्टवर रेडिओजवळ होतो. अकरा वीसला आवाज आला.

"हिमस्खलन. पाच जण बाहेर, सुरक्षित जागी पाठवले. मी कमरेपर्यंत आत. ओव्हर."

"दत्ता, येऊन राहिलो. ओव्हर."

"ये आधी, मग राहा. ओव्हर."

त्याचं शेवटचं बोलणं एवढंच. आम्ही बारा पाचला पोचलो. त्याआधीच वरून दुसरं बर्फ आलं होतं. पाच जवान जिवंत होते. दत्ताला काढायला दोन तास लागले. मी रडलो, सगळ्यांसमोर रडलो.

कोर्सची जागा रिकामी झाली. सुभेदारसाहेबांनी माझं नाव टाकलं. ती जागा दत्ताची आहे, मी जाणार नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "विचारत नाही कापगते, हुकूम आहे." मी गेलो, पास झालो. पण दुसऱ्याच्या पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटत होतं, ते काही गेलं नाही.

निवृत्त होऊन सानगडीला आलो. शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवायला लागलो. पहिल्याच आठवड्यात बचावाची ओळ म्हणजे काय, हे कोर्सची भाषा वापरून सांगितलं. मुलींच्या डोक्यावरून गेलं. शेवटी म्हणालो, रोवणा करताना धानाच्या बांधीत जशी ओळ धरून मागं सरता, तशा सरा. काय सरल्या! एक पाऊल इकडं तिकडं नाही. पेनल्टी बॉक्स गेला, गोलची रेषा गेली, तरी मागंच. मी शिट्टी मारली. कॅप्टन प्रतीक्षा म्हणाली, "फौजी काका, धुरा कुठी आला अजून?" धुरा म्हणजे शेताचा बांध; तो लागेपर्यंत रोवणा, म्हणजे भातलावणी, थांबत नाही, हे मीच विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी बॉक्सच्या रेषेवर जाड चुना टाकला आणि हाच धुरा, असं जाहीर केलं. त्या मोसमात आम्ही फक्त तीन गोल खाल्ले.

स्पर्धेच्या फॉर्मवर प्रशिक्षकाचं नाव लागतं. दरवर्षी मी तिथं दत्ता पोवार लिहितो. कुणी विचारत नव्हतं, कारण आम्ही दरवर्षी हरत होतो.

यंदा लाखांदूरला फायनल जिंकलो. एक-शून्य. माइकवरून पुकारा झाला, प्रशिक्षक दत्ता पोवार यांनी मंचावर यावे. मी खुर्चीतच बसलो. दुसऱ्यांदा पुकारा झाला. मुली माझ्याकडे बघायला लागल्या. प्रतीक्षाला म्हणालो, तो मी नाही. माझा जोडीदार होता. गेला.

ती म्हणाली, "मंग त्यायच्या वतीनं जा न काका. त्यायचंच शिकवलेलं आमी खेळलो."

मी गेलो. शाल आणि नारळ घेतला. टाळ्या दत्ताला मिळाल्या. नारळ एसटीत मुलींनी फोडून खाल्ला. शाल मी दुसऱ्या दिवशी पोस्टानं कोल्हापूरला त्याच्या आईकडे पाठवली. सोबत चार ओळी लिहिल्या.

आठ दिवसांनी फोन आला. म्हातारीला नीट ऐकू येत नाही, म्हणून ती मोठ्यानं बोलते.

"शाल पोचली बाळ. दत्ताची टीम जिंकली म्हणं?"

"हो आई," मी म्हणालो. "जिंकली."