मोटर अजून आमच्याच दारात

किस्से जमवायला लोकांना चार ठिकाणी जावं लागतं. आमच्या घरी ते मोटरीखालच्या तेलाच्या डागासारखे जमतात. आज पुसून काढा, उद्या सकाळी नवा आहेच! चारचौघांत मला सांगता येत नाहीत, म्हणून लिहून सांगते.

माझे बाबा अमरावतीत डॉक्टर आहेत. साहेब लोक देश सोडून चालले होते तेव्हा एका इंग्रज इंजिनियरकडून त्यांनी ही मोटर घेतली. नवी ती तेव्हाही नव्हती. वर कापडी टप, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे. त्यानंतर बाबांनी दुसरी मोटर घेतली नाही आणि ही विकली नाही.

आई दर दिवाळीला म्हणते, "अवो, यंदा तरी हे मोटर इका!"

बाबा म्हणतात, "पाहू."

आमच्या घरात 'पाहू' म्हणजे 'नाही', हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. एकदाच बाबा 'बरं' म्हणाले होते. ती गोष्ट शेवटी.

*

आईचं माहेर तेल्हाऱ्याचं. लग्न लागलं आणि वरात या मोटरीतूनच अमरावतीला निघाली. मांडवात म्हणे नवरदेवापेक्षा मोटरीभोवतीच गर्दी जास्त होती. एका म्हातारीनं बॉनेटला कुंकू लावलं, हात जोडले आणि मग विचारलं, "बरं, नवरदेव कोनता हाय?"

वाटेत एका नाल्याच्या उतारावर मोटर बंद पडली. धक्का मारायला सगळे उतरले, करवली म्हणून आलेली आत्यासुद्धा. शालू नेसलेली आई तेवढी रिकामी होती. म्हणून बाबांनी तिला चाकापुढे बसवलं. "हा पेडल दाबून ठेवायचा, मी 'सोड' म्हटलं की सोडायचा," एवढंच शिकवलं. बाकीचं त्यांच्याही लक्षात आलं नाही.

आई खाली मान घालून बसली. बाबा ओरडले, "सोड!" तिनं सोडला.

मोटर चालू झाली आणि निघाली! रस्ता सोडून कोणाच्या तरी तुरीच्या वावरात शिरली. मागे बाबा धावताहेत, बाबांच्या मागे आत्या, आत्याच्या मागे वावराचा मालक.

लग्न लागल्यापासून आई बाबांशी एक शब्द बोलली नव्हती. नव्या नवरीनं बोलायचंच नाही, असा तेव्हा रिवाज होता. पण वावराच्या मधोमध तिनं बाजूचा पडदा सारला, डोक्यावरचा पदर सावरला आणि नवऱ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली,

"अवो, हे थांबवाचं कसं?"

*

बाबा आठवड्यातून एकदा भातकुलीकडे रोगी पाहायला जातात. जवळच्या रोग्याकडे सायकलनं आणि लांब जायचं असेल तर मोटरनं, असा त्यांचा साधा हिशेब. लोकांनी त्याचा वेगळाच हिशेब लावला होता. डॉक्टर सायकलवर आले म्हणजे दुखणं हलकं, मोटर घेऊन आले म्हणजे भारी!

एका घरी म्हाताऱ्याला नुसता हिवताप होता. बाबांची मोटर गल्लीत शिरताच म्हातारीनं हंबरडा फोडला, "मोटर आनली व माय! आता काही खरं नाई!" म्हातारा घाबरून उठला आणि मागच्या दारानं पळाला. त्याला गोठ्यातून शोधून आणून इंजेक्शन द्यावं लागलं.

तेव्हापासून बाबा मोटर गावाबाहेर लिंबाखाली ठेवून पायी आत जाऊ लागले. दोन-तीन खेपा बऱ्या गेल्या. मग एका घरी यजमान दारातच रुसून उभे.

"डॉक्टरसाहेब, पाटलाकडे मोटरनं गेल्ते तुमी. आमच्याकडे पायी काहून? आमचा ताप काय ताप नाई?"

बाबा मुकाट्यानं परत लिंबाखाली गेले, मोटर घेऊन आले आणि मग त्यांची नाडी पाहिली. ताप निम्मा तिथेच उतरला!

*

मोटरीचे डॉक्टर म्हणजे रहीमचाचा. त्यांचं गॅरेज म्हणजे एक टिनाचं छप्पर आणि एक खाट. मोटरीचे सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. चाचा काहीही आणून कशालाही बसवतात. एक पट्टा जिनिंगमधल्या मशीनचा, एक स्प्रिंग शिवणयंत्राची, मागच्या सीटखाली तर दमणीचं, म्हणजे छोट्या बैलगाडीचं लाकूड आहे. सीट कुरकुरली की आई म्हणते, "दमनी तं माहेरीच बरी होती."

एकदा अकोल्याचे एक वकील घरी आले होते. मोटरीभोवती फिरून ते म्हणाले, "एवढी जुनी चीज, आणि अजून सगळी ओरिजनल दिसते!"

बॉनेटपाशी खटपट करत असलेल्या चाचांना राहवलं नाही. "वकीलसाब, कंपनी का तो अब इसमें सिर्फ नंबर बचा है. बाकी सब अपना है!"

बाबांच्या तोंडावर असं हसू आलं, जणू त्यांचा मुलगा पहिला आला. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. आठ दिवसांपासून तिच्या पितळी डब्याचं झाकण सापडत नव्हतं. तिनं सगळं घर शोधलं होतं, मोलकरणीला विचारलं होतं, मला विचारलं होतं. तिची नजर मोटरीच्या नाकावर गेली. रेडिएटरच्या तोंडावर पितळेचं काहीतरी चकचकत होतं आणि त्यातून वाफ निघत होती.

आईनं ट्रे वकिलांच्या हातातच दिला.

"बाकी सगळं अपना असंन. झाकन माहं हाय!"

झाकण अजून मोटरीवरच आहे. डब्यावर आई ताटली ठेवते.

*

मी बाबांना नेहमी सांगते, मला शाळेच्या अलीकडे, कोपऱ्यावर सोडा. सगळ्या मुली पाहतात, मला ते नको वाटतं. बाबा कोपऱ्यावर थांबायला तयार असतात. मोटर तयार नसते. तिचा ब्रेक कोपऱ्यावर दाबला की ती बरोबर शाळेच्या फाटकापुढे थांबते आणि मग तिथून हलत नाही. इतकी वर्षं झाली, तिला माझा स्वभाव काही कळला नाही.

एकदा सहामाही परीक्षेच्या दिवशी असंच झालं. फाटक अडलं. आमच्या वर्गातल्या सुमननं पाटी-दप्तर ठेवलं आणि हाक दिली, "चला ग!" पंधरा-वीस मुली मोटरीला लागल्या. मीही मान खाली घालून मागे लागले. मोटर फटफटत निघून गेली आणि आम्ही सगळ्या धुरानं काळ्या!

समोर ड्रिलच्या बाई उभ्या. मला वाटलं, आता संपलं. बाईंनी आम्हाला ओळीत उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या,

"वर्षभर सांगते, हात एकदम पुढे करा. आज जमलं! डॉक्टरांना सांग, दर बुधवारी ड्रिलच्या तासाला येत जा म्हणावं."

*

मेश्राम गुरुजी आमच्या मागच्या गल्लीत राहतात. नगरपालिकेच्या शाळेत शिकवतात. बाबांशी त्यांचं बुद्धिबळ चालतं. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला. त्यांच्या थोरल्या मुलीचं, प्रमिलाताईचं लग्न त्या गल्लीतलं नव्या पद्धतीचं पहिलंच. अकोल्याचा मुलगा. बाबांनी आपणहून मोटर दिली, नवरी आमच्याच मोटरीतून अकोल्याला जाणार.

गुरुजींच्या म्हाताऱ्या आत्याबाईंना एकच काळजी होती. पंचांग नाही, मुहूर्त नाही, मग लग्न वेळेवर लागणार कसं? गुरुजी त्यांना समजावत होते, "आत्याबाई, घड्याळ हाय न! धाचं सांगतलं म्हंजे धाले."

आणि खरोखर, दहाच्या ठोक्याला वंदना सुरू झाली. सगळं कसं वेळच्या वेळी आणि शांतपणे झालं. जेवणं झाली. प्रमिलाताई रडत रडत मोटरीत बसली. बाया रडल्या. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

मोटर चालू होईना!

रहीमचाचांनी बॉनेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. रडणाऱ्या बायांचे डोळे कोरडे झाले. ताई उतरली, पाणी प्याली, पुन्हा बसली आणि आता पुन्हा रडायचं की नाही, म्हणून आपल्या आईकडे पाहू लागली. बाबांना तर कोणाकडे पाहावं कळेना.

तेव्हा गुरुजी पुढे आले. त्यांनी मोटरीवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, आमी मुहूर्त सोडला. पन तुमची मोटर अजून पाहूनच राहिली!"

प्रमिलाताई इतकी हसली की सासरी जाताना हसणारी नवरी मी तेवढीच पाहिली. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सुनेच्या कानात म्हणाल्या, "पाह्य, मोटरले समजते!"

*

आता 'बरं'ची गोष्ट.

मोटरीचा सेल्फ केव्हाच गेलेला. पुढे लोखंडी हँडल घालून फिरवलं की ती चालू होते. पण ते हँडल कधीकधी उलटं मारतं. चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्यानं बाबांच्या उजव्या मनगटावर मारलं. हात प्लॅस्टरमध्ये गेला. डॉक्टरांचा उजवा हात! महिनाभर इंजेक्शनं कंपाउंडरनं दिली. बाबा नुसते शेजारी उभे राहून "हळू, हळू" म्हणायचे.

आई ओरडली नाही. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "अवो, आता हे मोटर इका. तुमचा हात गेला तं मंग?"

आणि बाबा म्हणाले, "बरं."

मला वाटलं, आईला आनंद होईल. ती भाजी तशीच टाकून आत गेली.

गिऱ्हाईक लवकरच मिळालं. शेंदूरजनाघाटचे नारायणराव, मोठे संत्र्याचे बागाईतदार. त्यांना तीन मुलांची लग्नं मोटरीतून काढायची होती. बाबांनी त्यांना मोटरीचे सगळे दोष सांगितले, एकही लपवला नाही. सांगताना आवाज मात्र असा, जणू लेकीचे गुण सांगताहेत. नारायणराव खूश! "पसंत हाय," म्हणाले. बाबांनी शब्द दिला. आणि बाबांचा शब्द म्हणजे मग त्यात बदल नाही.

ते रविवारी मोटर न्यायला येणार होते. त्या दिवशी सकाळी बाबांनी डाव्या हातानं मोटर धुतली, चाकंसुद्धा. मग कपडे करून निघाले.

"कुठी चालले?" आईनं विचारलं.

"दवाखान्यात."

रविवारी दवाखाना बंद असतो. आई दारात उभी राहून गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिली.

दुपारी नारायणराव आले, सोबत ड्रायव्हर. आईनं मोटरीला ओवाळलं, कुंकू लावलं. नारायणराव मागच्या सीटवर ऐटीत बसले. ड्रायव्हर पुढे गेला, वाकला, इकडेतिकडे पाहिलं.

"वहिनी, हँडल?" नारायणरावांनी विचारलं.

आई दारातूनच म्हणाली, "नारायणभाऊ, तुमच्याकडे जनावर इकलं तं संग दावं देतात का?"

"नाई बा! दावं कोनी देते का? दावं देल्लं तं गोठ्याची बरकत जाते. दावं मालकाच्या घरीच राह्यते."

"मंग? आमच्या तेल्हाऱ्यालेई तसंच हाय. मोटर तुमची, खुशाल न्या. दावं नाई भेटत."

ड्रायव्हर फिस्सकन हसला.

"हासतं काहून बे?" नारायणराव त्याच्यावरच उखडले. "बरोबर बोलून राहिल्या वहिनी."

ते खाली उतरले. टोपी काढून डोकं खाजवलं. मोटरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ड्रायव्हर भीतभीत म्हणाला, "मालक, धक्का मारू का?"

"इकत घेतलेलं जनावर कोनी ढकलत नेते का, लेका? गावात लोक काय म्हनतीन?"

मग ते ओसरीवर बसले. आईनं चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्याला.

"म्हंजे दावं मालेच पाहा लागन," ते म्हणाले.

"नवा मालकच आनते न," आई म्हणाली.

"ते बी खरं हाय. मंग दावं भेटेपर्यंत राहू द्या इथंच बांधून."

आणि ते एसटीनं परत गेले!

संध्याकाळी बाबा आले. दारात मोटर पाहून थबकले. आईनं सगळं सांगितलं. बाबांनी मोटरीवरचं कुंकू पाहिलं. मग म्हणाले, "पण मी शब्द दिला आहे."

"मोडला कोनी?" आई म्हणाली.

हँडल आता स्वयंपाकघरात, फळीवर असतं. रहीमचाचा नाहीतर कंपाउंडर आल्याशिवाय आई ते खाली काढत नाही आणि बाबांच्या हाती तर देतच नाही.

नारायणरावांच्या तिन्ही मुलांची लग्नं झाली. ते मात्र दर साली संत्र्याच्या मोसमात टोपली घेऊन येतात. आधी घरात येत नाहीत. मोटरीभोवती एक चक्कर मारतात, चाकं दाबून पाहतात, बॉनेटवर दोन थापा देतात. मग बाबांना विचारतात, "आमची मोटर कशी हाय?"

"बरी आहे तुमची मोटर," बाबा म्हणतात.

परवाही आले होते. चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना पायरीवर थांबून म्हणाले,

"दावं पाहून राहिलो, डॉक्टरसाहेब. मनासारखं भेटत नाई. तवरिक चारापानी बरोबर करत जा!"