हा श्रेयांक कोण?

किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर दोनदा आपटायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "म्हंजे कसं? उकलून सांगा." मामींचं बोलणं नेहमी इथूनच सुरू व्हायचं. आधी रामराम नाही की काही नाही.

माझं दुकान लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, हॉल तिकिटाच्या प्रिंटा, असली कामं. वरच्या दोन मजल्यांवर मुलींचं हॉस्टेल होतं आणि मामी त्याच्या रेक्टर. रेक्टर हा शब्द फक्त पाटीवर. एरवी त्या पोरींच्या मामी, पोरींच्या बापांच्याही मामी आणि माझ्याही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं, कुठलं, कशाला, हे कळल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. पण मामींचं तेवढ्यावर भागायचं नाही. ओटीपी कोण पाठवतं, माणूस का मशीन? फॉर्मच्या फोटोत कान दिसलेच पाहिजेत ते कशाला, ऐकून घेणार हाय का सरकार? मी पार बेजार व्हायचो.

एकदा वैतागून म्हणालो, "मामी, शाळेत मास्तरला लई छळलं असेल तुम्ही."

"छळायला मिळालं कुठं," म्हणाल्या आणि जुडगा उचलून वर गेल्या. एरवी हसणारी बाई त्या दिवशी हसली नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण समोर फॉर्मवाल्यांची रांग होती आणि मी विसरून गेलो.

हॉस्टेलमध्ये जळकोटची एक पोरगी होती. अकरावी सायन्स, नीटचा क्लास, म्हणजे गल्लीतल्या हजार पोरींसारखीच. पण दर रविवारी दुपारी दोन वाजता ती माझ्या दुकानात येऊन कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायची. एका विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स होता, जमिनीच्या पोटात काय काय चालतं त्याचा. नववी ते बारावीच्या पोरांनाही तो करता यायचा. परीक्षा पास झाली की कॉलेजचे तीन क्रेडिट आत्ताच नावावर जमा होणार आणि पुढं खरोखर कॉलेजात गेल्यावर ते धरले जाणार. साइट मराठीत होती, त्यामुळं क्रेडिटला तिथं शब्द होता श्रेयांक. पोरीनं घरी सांगितलं नव्हतं. "दादा, पप्पांना कळलं तर म्हणतील नीट सोडून हे काय." मी कशाला सांगतोय?

आणि एका सकाळी मामी आल्या. जुडगा आपटला नाही. काउंटरवर वाकल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "भाऊ, ह्यो श्रेयांक कोण हाय? कोणत्या क्लासचा?"

"कोण श्रेयांक?"

"मलाबी तेच पुसायचंय. जळकोटच्या पोरीच्या वहीत हाय त्यो. 'रविवार दोन वाजता, श्रेयांकसाठी.' खाली लिवलंय, 'श्रेयांक मिळतील का?' बघा, मिळतील म्हनती! आवो-जावो करती त्याला. म्हंजे वयानं मोठा हाय. आन त्याच्याखाली, 'पप्पांना कळू द्यायचं नाही.' वर बदामबी काढलाय."

मला असं हसू फुटलं की प्रिंटरमधला कागद तिरका गेला.

"हसून काय राहिलाव? म्या तिच्या बापाला फोन केलाय. यष्टीत बसलाबी असंल त्यो."

मी हसायचा थांबलो. मी मामींना ओढून कॉम्प्युटरपाशी नेलं आणि कोर्सचं पान उघडून दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. श्रे-यां-क.

"म्हंजे ह्यो माणूस न्हाई?"

"मार्क आहेत मामी. कॉलेजचे."

"शाळंत बसून कॉलेजचे? म्हंजे कसं?"

मी उकलून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पडद्यावरच्या त्या शब्दावर पुन्हा बोट ठेवलं.

"आन हे मार्क ऱ्हातेत कुठं?"

"खात्यात. कॉम्प्युटरवर."

"घर पडलं तरी?"

हा काय प्रश्न झाला? पण म्हणालो, "घर पडलं तरी." मामी स्टुलावर बसल्या.

दुपारी बाप आला. जळकोटात बी-बियाण्यांचं दुकान असलेला, अंगानं आडवा, रागानं लालेलाल. मामींनी त्याला आणि रडून डोळे सुजलेल्या पोरीला माझ्याकडं आणलं. मी पुन्हा सगळं समजावलं. पोरगा-बिरगा काही नाही हे बापाला पटलं, तसा तो जास्तच भडकला. "पोरगा न्हाई ते ठीक हाय. पण चोरून केलं न? नीटसाठी ठेवलंय हितं, ते सोडून ही धरणी मोजून राहिली. पेटी भर. गावात राहा, बारावी कर, नंतर लगीन करून टाकतो, सुटलो."

पोरगी जिन्याकडं निघालीसुद्धा. मला वाटलं, संपलं. मनात मी मामींना चार शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू?

"थांब गं," मामी म्हणाल्या. मग बापाकडं वळल्या. "चूक माझी हाय. फोन म्या केला. आता माझं ऐका. म्या दहावी न्हाई."

बाप पोरीकडं बघायला लागला, पोरगी माझ्याकडं.

"पाटीवर रेक्टर लिवलंय. तुम्ही समद्यांनी धरलं, मामी शिकलेल्या असतेल. म्याबी कधी न्हाई म्हनले न्हाई. दहावीत व्हते तवा भूकंप झाला. शाळा पडली. मास्तर गेले. माझी पहिलीपासूनची प्रगतीपुस्तकं मातीत गेली. दोन वर्षं पत्र्याच्या शेडात काढली, तिथूनच लगीन झालं. समदे म्हनले, जीव वाचला न, बास की. बासच व्हतं. पर एकानंबी पुसलं न्हाई की पोरी, तुझी दहावी?" पदरानं चष्मा पुसला. "हिची पेटी आज भरली तर हीबी माझ्यावानीच दुसऱ्याच्या पोरींच्या वह्या उघडून बघत बसंल."

बाप म्हणाला, "अन क्लासच्या टेस्टात मार्क घसरले तर?"

"माझा जिम्मा. रविवारी दोनला म्या हिच्या बाजूला बसते. घसरले की म्याच तुम्हाला फोन करते. माझा फोन लागतो, बघितलंच तुम्ही."

बापाला हसायचं नव्हतं, पण हसला. "दिवाळीपतोर बघू," म्हणाला आणि रिकाम्या हातानं परत गेला. पोरगी मामींच्या गळ्यात पडली. मीही उगाच काउंटर पुसत बसलो.

मामींचं बिंग गल्लीभर फुटलं. दोन पालकांनी कुरकुर केली, एकानं पोरगी दुसऱ्या हॉस्टेलात नेली. मामी म्हणाल्या, "जाऊ द्या. आता झोप तरी नीट लागती."

रविवारी त्या खरंच येऊन बसायच्या. दर दोन मिनिटांनी व्हिडिओ थांबवायच्या. "उकलून सांग." उकलता उकलता पोरीचंच पक्कं होत गेलं, क्लासच्या टेस्टातले मार्कही घसरले नाहीत. एका रविवारी व्हिडिओतल्या मॅडम सांगत होत्या की आपल्या भागातला दगड पक्का, इथं एवढा भूकंप होईल असं जाणकारांनाही वाटत नव्हतं. मामींनी हात वर केला. व्हिडिओ थांबला.

"गावात म्हनायचे, गावाचं पाप भरलं व्हतं. म्या त्या वर्षी हरतालिकेचा उपास मोडला व्हता, चोरून पेरू खाल्ला." बोट पडद्यावरच्या दगडाकडं केलं. "म्हंजे त्याच्यानं न्हाई झालं."

"नाही मामी," पोरगी म्हणाली. मला दुकानाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. एवढी वर्षं ही बाई एका पेरूचं ओझं घेऊन जिने चढत होती.

पुढच्याच आठवड्यात जुडगा दोनदा आपटला. "भाऊ, माझंबी नाव घाला." मी आधी त्यांचा दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. शाळेचा दाखला नव्हता, त्याच्यासाठी प्रतिज्ञापत्र केलं. मग कोर्सच्या फॉर्ममध्ये लिहिलं: शालेय विद्यार्थी, इयत्ता दहावी. वय चाळिशीच्या पुढचं. मोबाइल नंबर माझा टाकला, कारण मामी म्हणाल्या, "ओटीपीचा गोंधळ तुमच्याकडंच ठेवा."

कोर्सची परीक्षा नांदेडला होती. दोघी एसटीनं गेल्या, दोघींच्या हॉल तिकिटावर दोन्ही कान स्पष्ट. गेटवरचा माणूस म्हणाला, पालकांनी बाहेर थांबा. मामींनी तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "पालक न्हाई. इद्यार्थी." हे मला पोरीनं सांगितलं, आणि नंतर मामींनी निदान दहादा.

पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. मामी काठावर. पण श्रेयांक दोघींना सारखेच, तीन-तीन. प्रिंट हातात घेऊन मामींनी विचारलं, "आता कॉलेज?"

"आधी दहावी, मग बारावी, मग कॉलेज."

"तवर थांबतेत न हे?"

"थांबतात की."

दहावीला गणितानं घाम फोडला, पण सुटल्या. पुढच्या वर्षी बारावीचा फॉर्मही मीच भरला. त्या हिवाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. उपचाराला म्हणून बिलोलीला लेकीकडं गेल्या. जाताना जुडगा माझ्या काउंटरवर ठेवला, न आपटता. परत आल्या नाहीत, लेकीचा फोन आला, मामी गेल्या. त्यांचं बारावीचं हॉल तिकीट आलं ते मी छापलं. कशाला छापलं, मला विचारू नका.

जळकोटच्या पोरीनं नीट दिली आणि मग स्वतःच्या मर्जीनं भूशास्त्राला गेली. तिचे श्रेयांक तिथं धरले. बाप आता बियाणं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला श्रेयांक म्हणजे काय ते उकलून सांगतो म्हणे.

आणि माझ्या फोनवर वर्षातून एकदा मेसेज येतो. परवाही आला, ऐन फॉर्मच्या गर्दीत. 'आपल्या खात्यात ३ श्रेयांक जमा आहेत. कृपया महाविद्यालय निवडा.'

"हाव मामी, हायेत अजून," माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं.

काउंटरपलीकडचा माणूस चमकला. "कुणाचा मेसेज?"

"श्रेयांकचा."

"पोरगा का तुमचा?"

"माझा न्हाई," म्हणालो. "मामींचा हाय. कॉलेजात जायचं राहिलंय त्याचं."