नदीचा परिच्छेद

केंट निशिमोरीने नदी काढून टाकली, तेव्हा त्याला स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं होतं.

कंपनीच्या वार्षिक अहवालात धोक्यांचं एक प्रकरण असतं. धंद्यावर काय काय संकटं येऊ शकतात, ते गुंतवणूकदारांना आधीच सांगून मोकळं व्हायचं. एकवीस देशांत घरपोच माल पाठवणाऱ्या ऑनलाइन कंपनीला ही संकटं बत्तीस पानं पुरत. भूकंप, रोगाच्या साथी, हॅकर, चलनांचे चढउतार, एकवीस देशांची एकवीस करखाती. ‘जरा आटोपशीर करा’ असं वरून आलं आणि वकील केंटने चार पानं छाटली. त्यात एक परिच्छेद होता: युरोपातली निम्मी पार्सलं पोलंडमधल्या एकाच गोदामातून जातात आणि ते गोदाम नदीकाठी आहे. अकरा वर्षांत तिथे पाण्याचा थेंब शिरला नव्हता. केंटने तो उडवला.

प्रकरण खरं सोलवेग हाउगलंडबाईंचं, पण त्या आठवड्यात बाई मोतीबिंदू काढायला रजेवर होत्या.

बाई सिएटलच्या बॅलर्ड भागातल्या, हॅलिबट मासे पकडणाऱ्या कोळ्याची मुलगी. अलास्काला निघण्याआधी वडील स्वयंपाकघरात बसून बोटीवर काय काय बिघडू शकतं ते मोठ्याने म्हणत आणि आठ वर्षांची सोलवेग ते लिहून घेई. वडील दर वेळी परत आले. तेव्हापासून बाईंचा यादीवर विश्वास बसला तो बसलाच. ऑफिसातल्या वाढदिवसाच्या कार्डावरही त्या लिहीत, ‘पुढचं वर्ष सुखाचं जावो, मात्र तशी हमी देता येत नाही.’ तेवीस वर्षं दर फेब्रुवारीत त्या एका कागदावर सही करत आल्या होत्या: मला माहीत असलेलं काहीही या प्रकरणात लपवलेलं नाही. त्या सहीशिवाय अहवाल जागचा हलत नसे. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या, म्हणजे ही शेवटचीच सही.

अहवाल द्यायचा शेवटचा दिवस गुरुवार. वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत संध्याकाळी साडेपाचला दार बंद, म्हणजे इथे सिएटलला दुपारी अडीच. सकाळी अकराला पोलंडहून बातमी आली. नदीवरचा बर्फ वरच्या अंगाला फुटला होता आणि पाणी गोदामात शिरलं होतं. माणसं सुखरूप, पार्सलं पाण्यात.

केंटने मान वर केली. पलीकडच्या टेबलाशी बाई नव्या डोळ्यांनी छापील अहवालावर पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचत होत्या. सतराव्या पानावर पट्टी थांबली.

“केंट, नदी कुठे गेली?”

“मी... अकरा वर्षांत काही झालं नव्हतं, म्हणून मला वाटलं...”

“मी तिथे जाऊन आले होते. समोरच्या खानावळीच्या भिंतीवर पुराची रेघ आहे. माझ्या खांद्याला लागते.”

केंटने मनातल्या मनात बाईंच्या खांद्याची उंची मोजली.

तेवढ्यात कंपनीचे मुख्य वकील रसेल प्रॅट लगबगीने आले. बाईंची आणि त्यांची वीस वर्षांची ओळख.

“सोलवेग, जुना परिच्छेद होता तसा परत टाक. ‘पूर आल्यास नुकसान होऊ शकते.’ सही कर, पाठवून टाकू.”

“पूर आलाय, रसेल.”

“अहवाल डिसेंबरपर्यंतचा आहे.”

“वाचणारा आजचा आहे.”

“आलाय असं लिहिलंस तर उद्या शेअर आपटेल.”

“आपटेल.”

“आणि मी म्हटलं की जुनाच जाईल, तर?”

“तर सही मिळणार नाही. माझ्या निरोपाचा केक एक महिना आधी मागव. बदाम नकोत, दातात अडकतात.”

प्रॅटनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा. “मुळात तो परिच्छेद काढला कोणी?”

केंटने तोंड उघडलं. घराचे हप्ते, जुळ्या मुली, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

“प्रकरण माझं आहे,” बाई म्हणाल्या. “केंट, गोदामाला फोन लाव. पाणी किती, काम बंद किती दिवस, हे त्यांच्याच तोंडून हवं. अंदाज नकोत.”

फोन लागायला तास गेला. गोदामाचा व्यवस्थापक त्याच खानावळीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसला होता. पाणी चार फूट. पुन्हा कधी सुरू होईल, माहीत नाही.

“माहीत नाही, असं कसं लिहायचं?” केंट म्हणाला.

“माहीत नाही, असंच.”

केंटने लिहिलं: ‘आज नदीचं पाणी गोदामात शिरलं आहे. काम बंद आहे. ते कधी सुरू होईल, आम्हाला माहीत नाही.’ आयुष्यात इतकी लहान वाक्यं त्याने कंपनीसाठी कधी लिहिली नव्हती. बाईंनी त्यावरूनही पट्टी फिरवली. प्रॅटनी तीनदा वाचलं, कपाळ चोळलं, आणि “ठीक आहे, मी वर बोलतो” म्हणत स्वतः फोन फिरवायला बसले. लेखापरीक्षकांनी दोन शंका काढल्या. एक संचालक दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत होते. त्यांनी दिलेली संमती नुसती ‘अं’ अशी आली आणि ती संमतीच आहे ना, हे पुन्हा विचारण्यात चार मिनिटं गेली. दोन वाजून एकवीस मिनिटांनी बाईंनी सही केली. दोन सत्तावीसला अहवाल गेला. पोच आली तेव्हा अडीच वाजायला एक मिनिट होतं.

प्रॅट निघून गेले. बाईंनी डबा उघडला आणि राय धान्याच्या काळ्या पावावर व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग मासा पसरायला घेतला. केंट समोर येऊन उभा राहिला.

“सोलवेग, रसेलनी विचारलं तेव्हा तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?”

बाईंनी माशातला एक काटा काढून बाजूला ठेवला.

“वेळ कुठे होता?”