शिरपूरची सत्तावीस हँडलं

जीवराम अभिमन पाटील यांना धुळ्यात दोन नावं होती. तोंडावर 'जीवरामभाऊ' आणि पाठीमागे 'दिवसमोजे'. दुसरं नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं. ते त्यांना खोटं वाटत नसे, फक्त अपुरं वाटे. दिवस कोणीही मोजतं. ते दिवसांची सरासरी काढत.

नोकरी खानदेश शेतीपंप सहकारी संघात, मुख्य कचेरीत कारकुनाची. शेतकरी संघाकडून ऑइल इंजिन घेत आणि ते बिघडलं की संघाचा मिस्तरी सायकलवरून जाऊन दुरुस्त करी. शाखा सात, मिस्तरी नऊ, इंजिनं साडेतीन हजार. १९६६ साली एका बैठकीत जीवरामभाऊंनी उभं राहून विचारलं, "तक्रार आल्यापासून इंजिन चालू होईपर्यंत आपल्याला किती दिवस लागतात?"

अध्यक्ष शांतीलालशेठ म्हणाले, "लवकर होतं." व्यवस्थापक म्हणाले, "फार नाही लागत." तिसरे एक संचालक म्हणाले, "ते मिस्तरीवर आहे." जीवरामभाऊंनी तिन्ही उत्तरं डायरीत लिहून घेतली आणि खाली शेरा मारला: यात आकडा नाही.

मग त्यांनी आकड्याची सोय केली. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं कापून घेतली आणि प्रत्येकाच्या काठाला ओळीने भोकं पाडली. एक भोक शिरपूर शाखेचं, एक चोपड्याचं, एक नोझलच्या बिघाडाचं, काही दिवसांची. शाखेने तक्रारीचं कार्ड भरून पाठवायचं आणि जीवरामभाऊंनी लागू असेल त्या भोकापासून काठापर्यंत चिमट्याने खाच पाडायची. नंतर कार्डांची चळत उभी धरून शिरपूरच्या भोकातून सुई घालायची आणि चळत हलवायची. शिरपूरची तेवढी कार्डं टपटप टेबलावर पडत, बाकीची सुईला लटकून राहत. सुई विणकामाची होती, दहा नंबरची, आणि त्यांच्या पत्नीची, लताबाईंची होती.

"अहो, माझी सुई कुठंय?"

"ऑफिसात."

"ऑफिसात कोण विणतंय?"

"विणत नाही. शाखा वेगळ्या करतोय."

"मग शाखांना सांगा, माझ्या भावाचं पोर एका बाहीच्या स्वेटरात बसलंय."

१९६७ च्या मार्चमध्ये पहिला आकडा निघाला. सरासरी बावीस दिवस. शांतीलालशेठांनी तो दोनदा वाचला आणि पाणी मागवलं. जीवरामभाऊंनी आणखी एक गोष्ट सुचवली. दर महिन्याला फळ्यावर सातही शाखांचे आकडे लिहायचे आणि ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्या शाखाधिकाऱ्याने सर्वांसमोर उभं राहून कारण सांगायचं. शेठांना ते फार आवडलं. उभं राहायचं शाखाधिकाऱ्यांना होतं.

आकडा उतरू लागला. बावीसचा सतरा, सतराचा नऊ, नवाचा चार. १९७३ च्या दिवाळीपर्यंत तो एकावर आला. शिरपूर शाखा तर कधी कधी त्याच दिवशी दुरुस्ती करत होती. मिस्तरी नऊच होते आणि सायकलीही त्याच होत्या. हे जीवरामभाऊंना खटकायला हवं होतं. पण फळ्यावरचा आकडा आपण लावलेल्या शिस्तीने उतरतो आहे, असं मानायची सवय माणसाला लवकर लागते.

मुंबईत कार्यमापन मंडळ नावाची एक संस्था होती. कारखाने, कचेऱ्या, गणकयंत्रं यांची कामं मोजणाऱ्या लोकांची ती संस्था आणि मोजणाऱ्यांचा ती दरवर्षी गौरव करी. त्यांनी जीवरामभाऊंची कार्डं मागवून घेतली आणि त्यांवरची माहिती आपल्या गणकयंत्रात घातली. यंत्राने अकरा मिनिटांत तोच आकडा दिला, जो जीवरामभाऊंनी सुईने दोन दिवसांत काढला होता. मग पत्र आलं. 'दुरुस्तीचा सरासरी काळ बावीस दिवसांवरून एका दिवसावर आणणाऱ्या मोजमाप पद्धतीबद्दल' गौरवपत्र. समारंभ १६ डिसेंबरला, रविवारी, धुळ्यात, संघाच्या सभागृहात.

जीवरामभाऊंची बढती तीन वेळा हुकली होती. तिन्ही वेळा त्यांच्यानंतर लागलेली माणसं वर गेली. कारण सांगण्यात आलं की जीवरामभाऊ काय करतात ते नीट सांगता येत नाही. आता ते मुंबईच्या छापील कागदावर येणार होतं. त्यांनी पत्र चार वेळा वाचलं, मग लताबाईंना वाचून दाखवलं, मग शेजारी कोणी ऐकलं नसेल म्हणून खिडकी उघडून पुन्हा वाचलं. लताबाईंनी दुसऱ्याच दिवशी आग्रा रोडवरून चार रुपयांची फ्रेम आणली.

मंडळाला सर्वांत चांगल्या शाखेचा एक फोटो हवा होता. म्हणून गुरुवारी, १३ तारखेला, मागून आणलेला कॅमेरा गळ्यात अडकवून जीवरामभाऊ एस.टी.ने शिरपूरला गेले. सात वर्षांत त्यांनी कुठल्याही शाखेत पाऊल टाकलेलं नव्हतं. कार्डं येत होती, जायचं कशाला?

शाखेच्या ओट्यावर, दारापासून कोपऱ्यापर्यंत, इंजिनाची हँडलं ओळीने ठेवलेली होती. इंजिन सुरू करायला जे फिरवतात, ते लोखंडी वाकडं हँडल. कुणाला लाल चिंधी बांधलेली, कुणाला हिरवी, एकाला लहान मुलाचं टोपडं. ओळीच्या शेवटी एक म्हातारी टेकून बसली होती. जीवरामभाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"फोटो काढतस का?" म्हातारी म्हणाली. "काढ, भो. मना हँडलनाबी काढ. फोटो तरी घर दिसी, हँडल ते आठेच शे."

"हे सगळं विकायला आहे का, आक्का?"

"विकाले?" म्हातारीने त्यांच्याकडे असं पाहिलं की आपण शहरातले आहोत हे त्यांना कळलं. "नंबर शे हाऊ. रेशनना दुकानले पिशवी ठेवतस ना, तसा. इंजिन काय डोकावर आनू? हँडल ठेवानं नि घर जावानं. नंबर उना का रुपचंदभाऊ कार्ड भरस."

"कार्ड नंतर भरतात?"

"मिस्तरी सायकलवर बसस तवय. बठ्ठास्नं तसंच शे." तिने सगळ्या ओळीवरून हात फिरवला.

जीवरामभाऊंनी कॅमेरा खाली घेतला. ओट्यावर सत्तावीस हँडलं होती. त्यांनी ती पुन्हा मोजली, उलट बाजूने. तरीही सत्तावीसच भरली.

शाखाधिकारी रुपचंद पन्नालाल आत चहा घेत होता. पन्नाशीचा, गोरा, स्वच्छ धोतर, कपाळावर केशराचा टिळा. तो मनापासून उठला. "या, या जीवरामभाऊ! फोटो निघाला?"

"रुपचंदभाई, कार्ड केव्हा भरता?"

"दुरुस्तीला निघताना."

"शेतकरी येतो तेव्हा का नाही?"

रुपचंदने टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढला. जीवरामभाऊंचीच सही असलेलं १९६७ चं परिपत्रक. त्यातल्या तिसऱ्या कलमावर बोट ठेवून तो म्हणाला, "वाचा. 'दिवस कार्ड भरल्यापासून मोजावेत.' मी कार्डाच्या बाबतीत एक दिवस चुकलो असेन तर सांगा."

"पण माणूस वाट पाहतोय ना!"

"माणूस नाही, हँडल वाट पाहतं. माणूस घरी जातो." मग रुपचंद जरा खालच्या आवाजात बोलला. "भाऊ, तुमच्या फळ्यासमोर मी दोनदा उभा राहिलोय. सासऱ्याच्या मांडवातही इतका घामाघूम झालो नव्हतो. तुम्ही कार्ड मोजलंत, मी कार्ड सुधारलं. तुम्ही हँडल मोजलं असतंत, तर मी आणखी दोन मिस्तरी मागितले असते."

जीवरामभाऊंनी परिपत्रकाची घडी घातली. ते बाहेर गेले, ओळीतल्या पहिल्या हँडलापाशी उकिडवे बसले आणि मग त्यांना दिसलं. हँडलाच्या दांड्यावर खडूने तारीख लिहिली होती: २० नोव्हेंबर. दुसऱ्यावर २१. तिसऱ्यावरही २१. प्रत्येक हँडलावर तारीख होती, रुपचंदच्या वळणदार अक्षरात.

"नंबरावरून डोकी फुटतात," रुपचंद दारातून म्हणाला. "म्हणून आल्या आल्या तारीख टाकतो. त्यात माझ्याकडून लबाडी नाही हं."

पहिल्या नंबरचं हँडल, ज्याची पाळी आता कुठे आली होती, तेवीस दिवस ओट्यावर होतं. मोजायला सुरुवात केली तेव्हा संघाला बावीस दिवस लागत होते. सात वर्षं मोजून संघ एका दिवसाने मागे आला होता.

शुक्रवारी जीवरामभाऊंनी स्वतःच्या खर्चाने तीन शाखांना ट्रंक कॉल लावले आणि एकच प्रश्न विचारला: "ओट्यावर काय ठेवलंय?" चोपड्याला इंजिनाचे पट्टे होते. जामनेरला तेलाचे डबे. एदलाबादला नुसत्या चपला. तिथल्या शाखाधिकाऱ्याने खुलासा केला की हँडलं चोरीला जातात, एकेरी चप्पल कोणी नेत नाही.

मग ते शांतीलालशेठांकडे गेले. शेठ समारंभाचे नारळ बोटाने वाजवून निवडत होते.

"शेठ, आकडा चुकीचा आहे. एक नाही, तेवीस."

"कधीपासून?"

"बहुतेक फळा लागल्यापासून."

शेठांनी हातातला नारळ खाली ठेवला. "मुंबईचे पाहुणे उद्या संध्याकाळच्या गाडीने येतायत. शाल आणलीय, पेढे सांगितलेत. तेवीस हा आकडा सोमवारी नाही का निघणार?"

"निघालाय, शेठ."

"निघाला असेल. फळ्यावर सोमवारी लिहा."

"गौरवपत्रावर एक छापलंय."

"छापलं त्यांनी, यंत्र त्यांचं, तुम्ही कशाला अंगावर घेता? आयुष्यात एकदा शाल मिळते माणसाला. खांदा पुढे करायचा नि गप्प बसायचं."

शनिवारी जीवरामभाऊ जेवले नाहीत. लताबाईंना वाटलं, भाषणाची धास्ती आहे.

रविवारी सभागृह भरलं होतं. मुंबईचे पाहुणे बारीक, टक्कल पडलेले, कोटाच्या खिशात तीन पेन्सिली. त्यांनी मोजमापाचं महत्त्व सांगितलं, शाल घातली, नारळ दिला आणि गौरवपत्राची गुंडाळी पुढे करणार, इतक्यात सूत्रसंचालकाने जीवरामभाऊंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

ते खरोखर जेमतेम दोनच वाक्यं बोलले. "एक दिवस हा आकडा बरोबर नाही. तेवीस आहे."

मागच्या रांगांत नीट ऐकू आलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत शांतीलालशेठांनी डोळे मिटले. पाहुण्यांनी मात्र एक पेन्सिल काढली.

"तेवीस कशावरून?"

"ओट्यावर हँडलं ठेवतात. त्यावर खडूने तारीख असते. पाळी आलेलं हँडल तेवीस दिवसांचं होतं."

"किती हँडलं पाहिलीत?"

"सत्तावीस."

"सगळ्यांवर तारीख वाचता आली?"

"दोन पुसट होती. ती धरली नाहीत."

"इतर शाखा?"

"तीन विचारल्या. चाल तीच. तिथे तारखा नाहीत, म्हणून आकडा सांगत नाही."

पाहुण्यांनी लिहून घेतलं. मग हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं आणि जरा अवघडून म्हणाले, "मग हे मला परत न्यावं लागेल. यावर एक दिवस छापलंय."

"न्यावंच लागेल," जीवरामभाऊ म्हणाले.

शालीचं काय करायचं, असा प्रश्न व्यासपीठावर निघाला. शेठ डोळे न उघडता म्हणाले, "शाल संघाची आहे. राहू द्या." फोटोत जीवरामभाऊंच्या अंगावर शाल आहे, डाव्या हातात नारळ आहे आणि उजवा हात काहीतरी धरल्यासारखा अर्धवट उचललेला आहे.

घरी लताबाईंनी एकच विचारलं, "आता त्या फ्रेमचं काय करू?" मग त्यांनीच तिच्यात सप्तशृंगीचा फोटो घातला. तो दोन बोटं लहान पडला.

जानेवारीत नवीन परिपत्रक निघालं. दिवस हँडल ओट्यावर आल्यापासून मोजायचे, कार्ड त्याच वेळी भरून तारेने हँडलाला बांधायचं आणि आकड्यासाठी कोणाला उभं करायचं नाही. हे शेवटचं कलम मंजूर व्हायला दोन बैठका लागल्या. उभं करणं सोडायला शेठांचा जीव होत नव्हता. फळ्यावर शिरपूरपुढे तेवीस लागले आणि जामनेरपुढे एकतीस. वार्षिक सभेत सभासदांनी फळा पाहिला आणि असा गिल्ला केला की संचालकांनी जागेवर पाच मिस्तरी मंजूर केले. जीवरामभाऊंचं टेबल त्याच आठवड्यात जिन्याखाली गेलं. जागेची अडचण, असं सांगण्यात आलं.

१९७५ च्या ऑक्टोबरात मुंबईहून पुन्हा पत्र आलं. तारेने बांधलेल्या कार्डाची आणि खडूच्या तारखेची पद्धत मंडळाला फार पसंत पडली होती. प्रतीक्षा दारातूनच मोजायची, ही गोष्ट मोठ्या कारखान्यांनाही जमलेली नव्हती. ज्यांनी ही तारीख टाकायला प्रथम सुरुवात केली, त्या श्री. रुपचंद पन्नालाल यांना यंदाचं गौरवपत्र द्यायचं ठरलं होतं. शाखेचा सरासरी काळ अकरा दिवस असल्याचं त्यांनी कळवलं होतं. तो आकडा श्री. जी. अ. पाटील यांनी तपासून सही करावी, ही विनंती.

कचेरीत हे पत्र सगळ्यांनी वाचलं आणि जीवरामभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. ते जिन्याखाली बसून टोपी झटकत होते. दुसऱ्या दिवशी ते शिरपूरला गेले.

तीन दिवस त्यांनी कार्डं तपासली. तीनशे बारा. रुपचंद पहिल्या दिवशी चहा विचारत होता, दुसऱ्या दिवशी घाम पुसत होता, तिसऱ्या दिवशी त्याने विचारणंच सोडलं. संध्याकाळी जीवरामभाऊंनी पेन उघडलं.

"रुपचंदभाई, अकरा चूक आहे."

रुपचंद खुर्चीत बसला. "भाऊ, यावेळी मी काहीच केलेलं नाही. आईची शपथ."

"तुम्ही सुट्टीचे दिवस दोनदा धरलेत. साडेदहा होतात." त्यांनी अकरा खोडून साडेदहा लिहिलं आणि खाली, तपासणाराच्या जागी, सही केली.

रुपचंदने कागद जवळ ओढला. "अर्धा दिवस कमी केलात, भाऊ. मेहरबानी."

"मेहरबानी कसली?" जीवरामभाऊ टोपी घालत म्हणाले. "तो कमीच होता."