हजेरीतली मावशी

सुगंधाबाई परब मुलुंडच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. वडील गिरणीत होते, गाव मालवणजवळचं आणि जीभही तिकडचीच, तिखट. पुनरुत्पादनाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून ढकलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यामुळे लिंगभाव आणि लैंगिकतेवर मुलांशी बोला, असा फतवा संस्थेकडून आला, तेव्हा मुख्याध्यापिका जानकीबाईंनी तो त्यांच्याच गळ्यात घातला. “नववीवर एक तास घ्या आणि उरकून टाका,” म्हणाल्या.

सुगंधाबाईंनी उरकलं नाही. “मूल जन्मलं की डॉक्टर अंग बघून मुलगा की मुलगी ते सांगतात. आपण स्वतःला आतून काय समजतो, ती वेगळी गोष्ट. आपला जीव कुणावर जडतो, ती आणखी वेगळी. मुलाचा मुलावर जडतो, मुलीचा मुलीवर. हा रोग नाही. आणि कोण कसं आहे ते त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय आपण ठरवायचं नाही.”

“आणि अशा कुणाला साथ द्यायची म्हणजे काय करायचं?” कुणीतरी विचारलं.

“कुणाची टर उडवली जात असेल तिथे हसायचं नाही. इथून सुरुवात.”

श्वेता ताडकन उभी राहिली. “मग सरांना पण सांगा ना, बाई! चंद्रप्रकाश सर हजेरीत सुयोगला मावशी म्हणतात. पी.टी.ला मुलींच्या रांगेत उभं करतात. नाही हसलं तर म्हणतात, तू पण त्यातलाच काय रे?”

सुयोगनं बाकावर डोकं टेकवलं होतं. कान लालबुंद. चंद्रप्रकाश सर या वर्गाचे वर्गशिक्षक. स्टाफरूममध्ये सदा संस्कारांवर बोलणारे.

तास सुटल्यावर त्यांनी सुयोगला बाजूला घेतलं. “मी सरांशी बोलू? तुला चालेल?”

“बोला. फक्त आईला बोलावू नका.”

सर स्टाफरूममध्ये साबुदाणावडा खात होते. ऐकून घेतलं आणि तेलकट हात कमरेवर ठेवून, मान वेळावत “अगो बाई!” करून दाखवलं. दोघंतिघं खिदळले. त्यांच्या ओठांवरचा साबुदाणा बघून सुगंधाबाईंना शिसारी आली.

“गंमत असते हो, परबबाई. पोरगं घट्ट होतं अशानं.”

“शिरा पडो तुमच्या गमतीवर! पोराला रोज वर्गासमोर नागडं करता आणि वर घास कसा उतरतो तुमच्या घशाखाली?”

हसणं थांबलं. जानकीबाई धावत आल्या, त्या शाळेच्या अब्रूसाठी. “लेखी तक्रार नको हं, बाई.”

“आज नाही देत. पण उद्या हजेरीला मी दारात उभी असणार.”

दुसऱ्या दिवशी त्या खरंच उभ्या राहिल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, “आमची मावशी आलीय का?”

कुणी हसलं नाही. सरांनी पुढचं नाव घेतलं. उत्तर नाही. त्याच्या पुढचं घेतलं. श्वेताचं घेतलं. सगळा वर्ग तोंड मिटून समोर बघत बसलेला. “बहिरे झालात काय रे?” सर ओरडले. तरी चिडीचूप. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

“सुयोग सावंत.”

“हजर, सर.”

मग एकेक करून सगळे हजर झाले.

त्यानंतर सरांनी ती हाक पुन्हा मारली नाही. माफी मात्र मागितली नाही, आणि कुणी मागायलाही लावली नाही. उलट संस्थेच्या कार्यक्रमात ‘सर्वात संवेदनशील वर्ग’ म्हणून नववीचं नाव पुकारलं गेलं आणि वर्गशिक्षकांना गुच्छ मिळाला. चंद्रप्रकाश सरांनी तो हसतमुखानं घेतला, सर्वसमावेशकतेवर चार वाक्यंही बोलले. जानकीबाई सुगंधाबाईंना स्टेजवर यायला खुणावत होत्या.

त्या उठल्या आणि सरळ बाहेर पडल्या. तोंड कडूजार झालं होतं. नळावर सुयोग बाटली भरत होता.

“बाई, संपला कार्यक्रम?”

“माझ्यापुरता संपला रे.”

त्यांनी खळखळून चूळ भरली. आत टाळ्या चालूच होत्या.