ओमानची शाळा आणि चिंचेखालची बाज

त्या उन्हाळ्यात मी ओमानमधली शाळा आलापल्लीत बसून निवडली. नवरा घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यातली नोकरी सोडून तिकडच्या कारखान्यात गेला होता. शाळेचं ठरलं की आम्ही मायलेकी जाणार, तोवर मुक्काम बाबांकडे. बाबा वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुपारी ते चिंचेखाली बाज टाकून द्यायचे आणि मी मोबाइल घेऊन तिच्यावर पडायची.

शाळा निवडणं म्हणजे काय मोठं, असं कोणी म्हणेल. पण माझी सहा वर्षांची लेक चंद्रपूरच्या शाळेत वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. घरी नुसती चिवचिव, आणि शाळेच्या दारात तोंडाला कुलूप. बाईंनी मला बोलावून विचारलं, हिला ऐकू येतं ना? घरी येऊन मी रडले, आणि रागाच्या भरात लेकीवरच ओरडले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता देश परका, भाषा परकी. तिथंही ही गप्पच राहिली तर? दुसरी कसली भीती मला नव्हती.

दोन शाळा होत्या, दोन्ही आंतरराष्ट्रीय, नोकरीसाठी तिकडे आलेल्यांच्या मुलांच्या. एकीचे फोटो बघत राहावे असे. निळाशार पोहण्याचा तलाव, ग्रंथालयात लोळायला गाद्या, कुठल्या कुठल्या देशांची हसरी मुलं. दुसरी लहान, तिचे फोटोसुद्धा धड नव्हते. माझा जीव त्या निळ्या पाण्यावर जडला. बघता बघता डोळा लागायचा, आणि ते पाणी चिंचेखाली येऊन पसरायचं. लेक त्यात उताणी तरंगायची, काहीतरी मोठ्यानं सांगत असायची. काय सांगते ते ऐकू येण्याआधी जाग यायची, मानेखाली घाम.

बाबा फोटोंकडे बघायचेच नाहीत. ‘फोटोत काय पाहून राह्यली? फोटोत तं वाघही हासते.’

त्यांची रीत वेगळी. उभ्या नोकरीत वैशाखातल्या पौर्णिमेची रात्र त्यांनी प्राणी मोजायला पाणवठ्यावरच्या मचाणावर काढली होती. हलायचं नाही, खोकायचं नाही. कोण पाणी पिऊन गेलं, कोण काठावरूनच परत फिरलं, तेवढं बघायचं. जावयालाही त्यांनी तेच सांगितलं. शाळा सुटताना फाटकासमोर गुपचूप बसा, आणि शर्ट मातकट घाला, भडक नको.

आणि आमचा नवरा, चामोर्शीचा भोळा जीव, त्या तलाववाल्या शाळेसमोर खरंच बसला की! मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते. झाडामागून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. बाजेवर आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून. पांढऱ्या सदऱ्यांतली मुलं उन्हाच्या झळांतून बाहेर येत होती, पाण्यावरून चालल्यासारखी, आवाजाविना. आपल्या अंगावर ऊन इथलं आहे की तिथलं, हे क्षणभर मला कळेना. मग एकदम आभाळ दिसलं, मग बूट, मग गणवेशातला एक माणूस.

चौकीदारानं पकडलंच. झाडाआड लपून लेकरांवर मोबाइल रोखणारा माणूस, कोण सोडेल? नवरा घाबरून म्हणत होता, सासऱ्यांनी बसायला सांगितलं. चौकीदाराच्या हिंदीचा हेल ऐकून बाबा ताठ झाले. हा नदीपल्याडचा, तेलंगणातला. बाबांची अलीकडच्या काठावर, सिरोंच्यात बरीच वर्षं गेलेली. ‘तम्मी’, म्हणजे धाकट्या भावा, म्हणत त्यांनी तेलुगूत सुरुवात केली. आधी त्यानं बाबांनाही झापलं, मग हळूहळू नरमला. बाबांनी त्याला एकच गोष्ट विचारली, जी लेकरं बोलत नाहीत ती मधल्या सुट्टीत कुठं असतात?

तो कौतुकानं म्हणाला, माझ्यापाशी. तीनचार आहेत, माझ्या खुर्चीजवळ बसून रोज डबा खातात.

बाबांनी अर्थ सांगितल्यावर मी म्हटलं, किती चांगला माणूस!

‘माणूस चांगलाच हाय,’ बाबा म्हणाले. ‘पण लेकरं रोज चौकीदारापाशी डबा खाऊन राह्यले, आन् आतून कोणी बलावाले येत नाई.’

मी चिडले. तुमचं जंगल तुमच्यापाशी ठेवा म्हटलं, दोन दिवस धड बोलले नाही. माझं निळं पाणी आटवलं होतं ना त्यांनी.

दुसऱ्या शाळेत नवऱ्यानं शहाण्यासारखी आधी परवानगी काढली. मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात खुर्ची दिली, तिथून त्यानं पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. छोटंसं मैदान, धुळीचं. एक पोरगं भिंतीला चिकटून उभं होतं. बाई आल्या, काही बोलल्या नाहीत, उड्या मारायच्या लांब दोरीचं एक टोक त्याच्या हातात देऊन निघून गेल्या. पोरगं दोरी फिरवायला लागलं. बाकीची उड्या मारत होती. बोल म्हणून कोणी त्याच्या मागं लागलं नाही. मी बाजेवर उठून बसले आणि ती दोरी वरखाली होताना बघत राहिले. नवऱ्याला म्हटलं, हीच.

तिकडे गेल्यावर मी रोज फाटकाशी उभी राहायची. लेक गप्प बाहेर यायची, गप्प घरी यायची. मीही काही विचारायची नाही, ओठ आवळून धरायची. असे कितीतरी आठवडे गेले. एके दिवशी ती बाहेर आली ती कुरळ्या केसांच्या एका मुलीचा हात धरून. ती मुलगी कुठल्या देशाची ते मला आजही नीट सांगता येत नाही.

‘आई, उद्यापासून इथी नको उभी राहू,’ लेक म्हणाली. ‘मी इच्यासंग शाळेच्या बसनं येतो.’

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला घरात बसवेना. बाबांना फोन लावला आणि रडायलाच लागले.

‘काऊन रडून राह्यली?’ बाबा घाबरले. ‘पोरगी बोलत नाई का?’

‘बोलते,’ मी म्हटलं. ‘आता तिला मी लागत नाही.’